देवमासा, बोंडअळी आणि देव : उत्क्रांती समजून घेताना श्रद्धा आड येते का?

वडोदरा : सयाजीबागेतल्या, म्हणजे जुन्या लोकांच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा एक सांगाडा आहे. लांबी सुमारे 70 फूट. 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला हा देवमासा. महाराष्ट्रातून, मध्य प्रदेशातून आलेले पाहुणे तो बघून थक्क होतात आणि पुढच्या दालनाकडे वळतात. पण उत्क्रांती म्हणजे काय हे ज्याला मुळापासून समजून घ्यायचं आहे, त्याने इथे थोडा वेळ थांबायला हवं.

नाव मासा, पण मासा नाही

देवमासा फुफ्फुसाने श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. त्याच्या पोहण्याच्या परांमध्ये दंड, मनगट आणि बोटांची हाडं असतात, आपल्या हातासारखी. मागचे पाय नाहीत, तरी कमरेची दोन छोटी हाडं मांसात शिल्लक आहेत. ज्याला कधी चालायचंच नव्हतं त्याला ही हाडं कशाला?

उत्तर गुजरातमध्येच सापडलं. कच्छच्या खडकांतून 4 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या देवमाशांचे जीवाश्म मिळाले. त्यातल्या एकाचं नाव 'कच्छिसेटस'. सुनील बाजपेयी आणि हान्स थेविसन या शास्त्रज्ञांनी 2000 मध्ये त्याची नोंद केली. त्याला चार आखूड पाय होते. त्याहून जुन्या काळातला, देवमाशांचा जवळचा नातलग असलेला मांजराएवढा खुरांचा प्राणी जम्मू भागातल्या कालाकोटला सापडला. म्हणजे देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते. पिढ्यान्‌पिढ्या थोडे थोडे बदलत ते पाण्यात गेले. या बदलत जाण्यालाच उत्क्रांती म्हणतात.

बदल घडवतं कोण?

याचं उत्तर चार्ल्स डार्विनने 1859 च्या ग्रंथात मांडलं : नैसर्गिक निवड. ती समजायला कापसाचं शेत पुरे.

बीटी कापूस देशात 2002 मध्ये आला. त्याच्या झाडातच अळीला मारणारं विष असतं. पण लाखो अळ्यांमध्ये दोन-चार अशा निघतात, ज्यांना ते विष बाधत नाही. कुणी त्यांना शिकवलेलं नसतं, जन्मतःच तो फरक असतो. बाकीच्या मरतात, या वाचतात. पुढची अंडी यांचीच आणि हा गुण पोरांमध्ये उतरतो. काही वर्षांत शेतभर त्यांचंच कुळ.

नेमकं हेच घडलं. गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला जुमानत नसल्याचं 2010 मध्ये बियाणं तंत्रज्ञानाच्या कंपनीनेच जाहीर केलं. पुढे दोन जनुकांचं बीटीही निकामी ठरलं आणि 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं सडली.

बियाण्याच्या पिशवीसोबत नॉन-बीटीचं छोटं पाकीट यायचं, ते याचसाठी. त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचा चिवट अळ्यांशी संकर व्हावा आणि चिवटपणा पसरायला वेळ लागावा, असा तो हिशेब. अनेकांनी ते पाकीट बांधावर फेकलं, कारण ते कशासाठी आहे हे कुणी नीट सांगितलंच नाही.

मग माणूस माकडापासून झाला?

नाही. आजचं माकड आपलं आजोबा नाही, लांबचं चुलत भावंड आहे. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एकच होता, तो सुमारे 60 ते 70 लाख वर्षांपूर्वीचा. त्यामुळे 'माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलाय?' हा प्रश्नच चुकीचा ठरतो. जानेवारी 2018 मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात हाच मुद्दा मांडला होता. तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून तो खोडला.

दशावतारात मत्स्य, कूर्म, वराह असा क्रम येतो, म्हणून 'हे आपल्याकडे आधीच होतं' असंही काही जण म्हणतात. क्रम गमतीशीर आहे खरा. पण अवतार हेतू धरून येतात. नैसर्गिक निवडीला हेतू नसतो, ठरलेलं शिखर नसतं. त्या वेळच्या परिस्थितीत जो तगला, त्याचा वंश पुढे चालतो, एवढंच.

देवाचं काय?

सजीव कसे बदलले, हे विज्ञान सांगतं. हे सगळं कशासाठी आणि कुणाच्या इच्छेने, हा प्रश्न त्याच्या मापात बसत नाही. श्री अरविंद 1893 ते 1906 बडोद्यात होते. पुढे त्यांच्या अध्यात्मविचारात उत्क्रांती केंद्रस्थानी आली. त्यांचा विचार म्हणजे जीवशास्त्र नव्हे. पण उत्क्रांती मान्य करूनही माणूस साधक राहू शकतो, एवढं त्यावरून दिसतं. आधुनिक उत्क्रांतीशास्त्राचे एक मोठे अभ्यासक थिओडोसियस डोबझान्स्की हेही श्रद्धाळू ख्रिस्ती होते. एकादशीचा उपास धरणाऱ्याला कच्छचे जीवाश्म नाकारायची गरज नाही.

आता हे का महत्त्वाचं?

एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला. 'अनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यात फक्त अनुवंशिकता उरली. एप्रिल 2023 मध्ये 1,800 हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रक काढलं. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, पण तिथपर्यंत पोचतात थोडेच. ही पुस्तकं वाचून दहावीनंतर कॉमर्सला, आर्ट्सला किंवा थेट शेतीत जाणाऱ्या पोरांना तो शाळेत भेटणारच नाही.

उद्या कापूस हीच पोरं लावणार आहेत. अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकमुळे चिवट झालेले जंतूही त्यांच्याच घरात येणार आहेत. अळी असो की जंतू, नियम तोच आहे. तो माहीत असता, तर शेतकऱ्याने नॉन-बीटीचं पाकीट बांधावर फेकलं नसतं.