गळाच्या मासेमारीला कोणती कयाक?

कयाक हा शब्द आता आपल्याकडे अगदीच नवा राहिलेला नाही. कोकणच्या खाड्यांत किंवा धरणांच्या पाण्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या त्या पिवळ्या-नारिंगी, निमुळत्या, एका-दोघांपुरत्या होड्या पुष्कळ श्रोत्यांनी पाहिल्या असतील. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात, आणि ते एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारीत माणूस पुढे जातो. अशा होडीत बसून गळाने मासे धरण्याची रीत अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात चांगलीच रुळली आहे. आपल्याकडेही काही हौशी मंडळी तिच्या मागे लागली आहेत. तेव्हा घ्यायची तर कोणती कयाक घ्यावी, असा प्रश्न विचारला जाणारच. विक्रेत्याला विचाराल तर तो लांबी सांगेल, रंग सांगेल, गळाच्या काठ्या खोचायला किती खोबणी आहेत ते सांगेल. माझे म्हणणे असे की, पहिला प्रश्न आपणच त्याला करावा : ही होडी उलटली, तर मग माझे काय?

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ज्याचे पोट जाळ्यावर आहे, ज्याला एका खेपेत चाळीस-पन्नास किलो मासळी घरी आणायची आहे, त्याने आपली होडी विकून कयाक घेण्याच्या फंदात पडू नये. जाळे ओढताना सगळा भार एका बाजूला येतो, आणि ओले जाळे पायांत गुंतले म्हणजे पोहणाराही अडकतो. कयाक आहे ती गळवाल्यासाठी. एक माणूस, एक-दोन काठ्या, थोडे आमिष आणि चार मासे, एवढा तिचा संसार. खाडीतला जिताडा किंवा तांबोशी, तळ्यातला मरळ, धरणातला कटला, यांच्यामागे आवाज न करता उथळ पाण्यात शिरायचे असेल तर तिच्यासारखी दुसरी होडी नाही.

आता मूळ कयाक कशी होती ते पाहू. कारण निवडीतला घोटाळा तिथूनच सुरू होतो. कयाक ही उत्तर ध्रुवाकडच्या लोकांची, ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडा इकडच्या इनुइटांची, तशीच अलास्काजवळच्या बेटांवरील अल्यूत लोकांची होडी. तिकडे झाडे नाहीत. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडांचा सांगाडा करायचा, हाडांचे तुकडे जोडायचे आणि वर सीलचे कातडे शिवून ताणायचे. ग्रीनलंडची कयाक सुमारे सतरा-अठरा फूट लांब आणि रुंदीला जेमतेम वीस इंच. शिंप्याने माप घेऊन अंगरखा शिवावा तशी ती त्या-त्या शिकाऱ्याच्या मापाने बनत असे. वरून सगळी बंद. मध्ये कमरेपुरते भोक. त्या भोकाच्या काठाला अंगातला कातडी झगा आवळून बांधला की होडी आणि माणूस मिळून एकच जलचर प्राणी तयार होई. उलटलाच, तर वल्ह्याचा फटका मारून पाण्याखालूनच गिरकी घेऊन पुन्हा वर.

ही गिरकी म्हणजे सर्कशीतली कसरत समजू नका. तिथले पाणी बर्फाइतके थंड. त्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत काम देईनासे होतात. होडीतून बाहेर पडणे म्हणजेच मरण, म्हणून बाहेर न पडता सुलटे होण्याची ही विद्या. गिनो वॉटकिन्स नावाच्या तरुण इंग्रज संशोधकाने ग्रीनलंडच्या लोकांकडून ती शिकून घेतली होती. १९३२ च्या ऑगस्टमध्ये तो पूर्व ग्रीनलंडमध्ये एकटाच सीलच्या शिकारीला गेला. सोबत्यांना नंतर त्याची रिकामी कयाक पाण्यावर सापडली. तो सापडला नाही. वय पंचवीस.

तर ही बंद कयाक त्या पाण्यात योग्यच आहे. परंतु आपले पाणी वेगळे. खाडीत, तळ्यात, धरणात पडलेला माणूस थंडीने लगेच गारठत नाही. त्याची अडचण दुसरी असते : उलटलेल्या होडीत पुन्हा चढायचे कसे? बंद किंवा अर्धी बंद, आत बसायची कयाक उलटली की तिच्यात पाणी भरते. दहा फुटी होडीत दीड-दोनशे लिटर पाणी सहज मावते, म्हणजे दीड-दोनशे किलो वजन. पाण्यात तरंगत ते उपसायचे कसे? दुसरी होडी जवळ असली तर ठीक. गळवाला बहुधा एकटा असतो आणि पहाटेचा असतो.

या अडचणीवरचा उपाय १९७० नंतरच्या वर्षांत अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर पुढे आला. तिथले पाणी आपल्यासारखे कोमट नाही, पण लाटांत सारखे पडायचे आणि सारखे चढायचे हा तिथला खेळच. वर बसायची कयाक ती हीच. ही होडी म्हणजे प्लॅस्टिकचा एक बंद पोकळ पाट. त्याच्या पाठीवर बसायला खोलगट जागा. या जागेला आरपार भोके असतात. होडीला भोके म्हटल्यावर ऐकणारा दचकतो. पण बसायची जागा बाहेरच्या पाण्याच्या पातळीहून थोडी उंच असते, त्यामुळे आत आलेले पाणी त्या भोकांतून खाली निघून जाते. पोकळीत पाणी जायला वाटच नाही, म्हणून उलटली तरी ती बुडत नाही. सुलटी करावी, आडवे पोट टेकून वर ओढून घ्यावे, वळून बसावे. म्हणून माझा स्पष्ट सल्ला : आपल्या गळवाल्याने वर बसायचीच कयाक घ्यावी. बूड भिजते, हे खरे. पौष महिन्यात घाटमाथ्यावरच्या धरणात पहाटे ते जाणवेलही. पण भिजलेले बूड उन्हात वाळते.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. भार जास्त झाला तर बसायची जागा पाण्याच्या पातळीखाली जाते आणि त्याच भोकांतून पाणी वर येऊ लागते. होडीवर छापलेला भाराचा आकडा हा शेवटचा आकडा. त्याच्या दोन-तृतीयांशावर थांबावे. समजा माणूस ६५ किलो, सामान आणि प्यायचे पाणी १० किलो, बर्फाची पेटी आणि मासळी २० किलो. बेरीज ९५ किलो. अशा माणसाने १४० किलोच्या आसपास आकडा असलेली होडी पाहावी. दुसरी गोष्ट तळातल्या किंवा शेपटीकडच्या बुचाची. ते घट्ट आहे की नाही, कुठे चीर पडली आहे की काय, हे निघण्यापूर्वी पाहावे. पोकळीत नकळत शिरलेले पाणी एका बाजूला धावले म्हणजे शहाणी होडीही दगा देते.

यानंतर रुंदी. मासे धरायची कयाक साधारण ३० ते ३६ इंच रुंद असते. समुद्रात लांब पल्ला गाठणारी २१ ते २४ इंच. या थोड्या इंचांना एवढे महत्त्व का? लांबी आणि वजन तेच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर कलण्याला होणारा विरोध दुप्पट होत नाही, जवळजवळ आठपट होतो. कारण तो रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. २४ इंचांची ३० केली तरी तो दुपटीच्या घरात जातो. शिक्षक मंडळींना हे वर्गात दाखवता येईल. थर्माकोलच्या सारख्याच लांबीच्या दोन पट्ट्या घ्या, एक दोन बोटे रुंद, दुसरी चार बोटे. परातीतल्या पाण्यात सोडा आणि दोघींच्या कडेवर एकेक नाणे ठेवा. मग मधोमध आगकाडी खोचून तिच्या टोकावर ओल्या मातीचा गोळा बसवा. गोळा जितका उंच, तितकी पट्टी आडवी व्हायला उतावीळ. मासेमारीच्या कयाकींत आरामासाठी उंच खुर्च्या बसवतात, त्यांची किंमत या गोळ्यावरून मुलांना कळेल. आपल्या कोकणातल्या होडीला बाजूला जी उलांडी बांधतात, तीही याच हिशेबातली : होडी अरुंदच ठेवायची, वेग राखायचा आणि रुंदी बाहेरून उसनी आणायची. काही लोक कयाकीला दोन बाजूंना छोटे तरंगते फुगे लावतात, ती उलांडीचीच धाकटी बहीण.

पण रुंद आणि सपाट तळाला भुलून जाऊ नये. सपाट तळ संथ पाण्यावर पाटासारखा निश्चल राहतो. मात्र लाट आडवी आली की तो लाटेच्या उतारासारखाच कलतो. किंचित गोल किंवा मधे कणा काढलेला तळ आधी थोडा डुचमळतो, नवख्याला धडकी भरवतो, पण लाटेत तोच जास्त सांभाळून घेतो. म्हणून तळे आणि धरणाचा आडोसा यांसाठी सपाट तळाची होडी घ्यावी. खाडीच्या मुखाशी जाणाऱ्याने थोड्या कण्याची पाहावी.

लांबीचेही तसेच. लहान तळ्याला, ओढ्याला आठ ते दहा फूट पुरे, चटकन वळते. खाडीला आणि मोठ्या धरणाला अकरा-बारा फूट. लांब होडी सरळ जाते, दमवत नाही. पण ती टेम्पोतून उतरवून चिखलातून पाण्यापर्यंत न्यायची कुणी? बारा फुटी कयाकीचे वजन बहुधा तीस किलोंच्या आसपास भरते. एकट्याला न उचलणारी होडी पहिले चार दिवस मिरवते आणि पुढे पडवीत पडून राहते.

पायाने चालवायच्या कयाकीही निघाल्या आहेत. होबी या अमेरिकन कंपनीने १९९७ मध्ये माशाच्या परांसारखी खाली हलणारी दोन पाती बसवलेली कयाक आणली. पुढे पंख्याच्याही आल्या. हात मोकळे राहतात, गळवाल्याला आणखी काय हवे! पण किंमत भारी, वजन भारी, आणि खाली लोंबणाऱ्या यंत्राला खोली लागते. जलपर्णीच्या पाण्यात किंवा जुन्या जाळ्यांच्या तुकड्यांत ते गुरफटते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाडीत वल्हेच बरे. हवा भरायच्या कयाकी हलक्या आणि सोयीच्या, परंतु वाऱ्याने पाचोळ्यासारख्या वाहतात. खडकावरची कालवे त्यांना कशी कापतील, हे खाडीकाठच्या माणसाला मी सांगायला नको.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. त्या वेळी खाडीतून बाहेर पडणे फार सोपे वाटते. वल्हे मारावेच लागत नाही. हीच फसवणूक. साधा माणूस कयाक तासाला चार-पाच किलोमीटरच्या वेगाने चालवतो. उधाणाच्या ओहोटीला मुखाशी पाण्याची ओढ तेवढी होऊ शकते, मग कितीही वल्हवा, किनारा तिथेच. दुपारी खारे वारे सुटले आणि खाली ओहोटी असली, म्हणजे वारा आत आणि पाणी बाहेर, तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. नवख्याने भांगाचे दिवस निवडावेत, भरतीबरोबर आत जावे आणि मुखाबाहेर पडूच नये. पावसाळ्यात तर होडी घरीच बरी. नांगर कधीही होडीच्या मध्यावर, बाजूला बांधू नये. तो पुढच्या किंवा मागच्या टोकालाच हवा, नाहीतर प्रवाह कड खाली दाबून होडी पालथी करतो. आणि रंग घ्यावा तो भडक. झाडीत शोभणारा हिरवा रंग माशांपेक्षा यांत्रिक होडीच्या तांडेलापासूनच तुम्हाला जास्त लपवील.

राहता राहिली परीक्षा. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला सांगावे की, होडी पाण्यात पाहीन. छातीइतके पाणी, जवळ दोन माणसे, अंगात तरंगते जाकीट, तेही पट्टे आवळून. नेहमीचे कपडे घालावेत आणि सामानाइतक्या वजनाची वाळूची पिशवी बांधून ठेवावी. प्रथम डावीउजवीकडे झुलून पाहावे. मग मुद्दाम उलटावी. सुलटी करून, तळाला पाय न टेकता, पुन्हा वर चढून बसावे. एकदा जमले तर दमल्यावर आणखी दोनदा करावे, कारण खऱ्या प्रसंगी आपण दमलेलेच असतो. तिसऱ्या खेपेला चढता आले नाही तर ती होडी, कितीही देखणी असो, परत करावी आणि थोडी रुंद, कडेला कमी उंचीची दुसरी मागावी. विक्रेता कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.