फटफटी अडखळते तेव्हां

ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी तालुक्यांत, अंजूर फाट्याच्या परिसरांत, वळ नांवाचें गांव आहे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल सांठविणें व्यापाऱ्यांस सोयीचें पडे, म्हणून या बाजूस गोदामें उभीं राहिलीं. २०१७ सालीं जकात गेली. गोदामें मात्र राहिलीं. तेथें हिशेब लिहिणारे, माल मोजणारे व पोंचविणारे असे कितीतरी लोक जुन्या फटफटीवरून कामावर जातात. पुढें मालाचा ट्रक, मागें लांबलचक ट्रेलर, खालीं खड्डा आणि पावसाळ्यांत त्यांत पाणी, अशा रस्त्यावर वळण घेतांना इंजिनानें ऐन वेळीं आचका दिला, तर प्रश्न गैरसोयीचा राहत नाहीं. तो जिवावर बेततो. म्हणून अडखळणाऱ्या इंजिनाचें निदान कसें करावें, हा विषय आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. कमावत्या माणसाची सायंकाळीं वाट पाहणाऱ्या घरच्या मंडळींनींही तो वाचावा, अशी आमची विनंती आहे.

जुनी फटफटी म्हणजे येथें कार्बोरेटरची फटफटी असें समजावें. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे नियम लागू झाले, आणि त्यानंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांत पेट्रोल मोजून देण्याचें काम विजेच्या यंत्रणेकडे गेलें. त्यापूर्वीची बुलेट, राजदूत, १९९६ पर्यंत म्हैसुरास तयार होणारी येझदी, किंवा १९८५ सालीं आलेली हिरो होंडा सी. डी. १०० यांत बिघाड सांगणारा दिवा नाहीं. तेथें कान, डोळे आणि हात हींच साधनें.

गाडी ‘मिसिंग मारते’ एवढें ऐकतांच प्लग, कॉईल आणि कार्बोरेटर हीं एकाच दिवशीं बदलून टाकण्याची रीत फार बोकाळली आहे. नाडी न पाहतां कपाटांतील सर्व मात्रा एकदम चाटविणाऱ्या वैद्यासारखी ही रीत होय. रोगी बरा झाला तर कोणत्या औषधानें तें कळत नाहीं. न झाला तर पैसे गेले आणि रोग तसाच राहिला. म्हणून पहिला नियम असा, कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, तिचा परिणाम पाहावा व तो वहींत टिपून ठेवावा.

प्रथम, दोष इंजिनाचाच आहे काय, हें ठरवावें. ढिली किंवा एकीकडे ताणलेली चेन, धरून राहणारा ब्रेक, सैल झालेले इंजिनाचे बोल्ट, यांनींही गाडी धक्के देते. गाडी स्टँडवर उभी करून इंजिन न्यूट्रलमध्यें चालवावें. तेथें तें शांत चाललें आणि रस्त्यावरच झटके बसले, तर हीं ठिकाणें आधीं तपासावीं. मात्र ओझ्याखालींच प्रकट होणारे इंजिनाचे दोषही असतात, हें विसरूं नये.

नंतर चार प्रश्न विचारावे. गाडी थंड असतांना अडखळते, कीं तापल्यावर? उभी असतांना, कीं वेग घेतांना? कोरड्या दिवशींही, कीं पावसांतच? आणि दोष हळूहळू वाढला, कीं एखाद्या दिवशीं पेट्रोल भरल्यावर अथवा दुरुस्तीनंतर एकाएकीं उपटला? या उत्तरांतच अर्धें निदान असतें. कारण इंजिनास योग्य मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि पुरेसा दाब, हीं तीनच मुख्य गोष्टी लागतात. प्रत्येकीची उणीव निराळ्या वेळीं प्रकट होते.

मिश्रणापासून आरंभ करावा. गेल्या कांहीं वर्षांत आपलें पेट्रोलच बदललें आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस येऊं लागलें, आणि २०२५ पर्यंत तें देशभर पसरलें. इथेनॉलास जळण्यास पेट्रोलपेक्षां कमी हवा लागते. म्हणून जुन्याच जेटमधून तें आलें म्हणजे मिश्रण किंचित हवेकडे झुकतें. नवी यंत्रणा तें सांवरून घेते, कार्बोरेटरास तें साधत नाहीं. शिवाय इथेनॉल पाणी शोषतें. गाडी महिनोन्महिने उभी राहिली आणि पाण्याचें प्रमाण वाढलें, तर पाणी व इथेनॉल वेगळें होऊन तळाशीं बसतें, आणि इंजिनास तेंच आधीं मिळतें. जुन्या रबरी नळ्याही त्यानें फुगतात वा चिरतात. म्हणून कार्बोरेटरच्या तळाच्या स्क्रूमधून थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत काढून पाहावें. तळाशीं वेगळा थर किंवा गाळ दिसला, तर टाकी रिकामी करून धुवावी.

गाडी उभी असतांनाच धडधडत असेल आणि रेस दिल्यावर सुधारत असेल, तर संशय लहान जेटवर, अथवा कार्बोरेटर व इंजिन यांमधील चिरलेल्या रबरावर घ्यावा. या सांध्यावर साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारतांच आवाज बदलला, तर तेथून हवा शिरते. चांगली चालणारी गाडी कांहीं मैलांनीं गुदमरून बंद पडत असेल, व थोड्या वेळानें पुन्हां सुरू होत असेल, तर टाकीचें झांकण उघडून पाहावें. झांकणाचें हवेचें छिद्र बुजलें म्हणजे पेट्रोल उतरत नाहीं; एका टांचणीनें होणारें हें काम कित्येकांस नव्या कार्बोरेटरच्या किंमतीस पडतें. धुळीच्या रस्त्यावरील गाडीचा एअर फिल्टरही वेळच्या वेळीं स्वच्छ करावा. तो तुंबला कीं मिश्रणांत पेट्रोल अधिक होतें.

आतां ठिणगी. प्लग हा इंजिनाचा आरसाच होय. त्याचें टोंक फिकट बदामी असेल तर ठीक. कोरडें काळें असेल तर पेट्रोल जास्त. तेलकट काळें असेल तर आंत तेल जळतें. पांढरें पडलें असेल तर हवा अधिक किंवा उष्णता फार. पावसांतच गाडी बंद पडत असेल, तर प्लगची टोपी व वायर पाहावी. रात्रीं अंधारांत इंजिन चालवून पाहिल्यास बाहेर गळणारी ठिणगी डोळ्यांस दिसते. तापल्यावरच दगा देणारी आणि निवल्यावर निमूटपणें चालणारी गाडी पुष्कळदां कॉईलचा दोष दाखविते. पॉइंट असलेल्या जुन्या बुलेटमध्यें पॉइंटची झीज व अंतरही तपासावें.

शेवटीं दाब. किक मारतांना पूर्वीसारखा विरोध जाणवत नसेल, तर दाब मोजून घ्यावा. तो कमी आला तर प्लगच्या भोंकांतून चमचाभर तेल आंत सोडून पुन्हां मोजावा. आतां दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. न वाढला तर व्हॉल्व्हकडे पाहावें. टॅपेट फार घट्ट असल्यानेंही व्हॉल्व्ह पुरतें मिटत नाहींत आणि इंजिन अडखळतें. त्यांचें अंतर गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें, थंड इंजिनावर लावावें. राजदूत व येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांत टॅपेट नसतात. तेथें तेलाचें प्रमाण आणि सायलेन्सरांत सांचलेला कोळसा पाहावा.

दोन सूचना अवश्य पाळाव्या. बंद खोलींत किंवा घराच्या पडवींत इंजिन चालवूं नये; त्याच्या धुरांत वास नसलेला विषारी वायु असतो. आणि पेट्रोल काढलेलें असतांना जवळ ठिणगीची परीक्षा करूं नये.

हें सर्व प्रत्येकानें स्वतःच्या हातांनीं करावें असा आमचा आग्रह नाहीं. कुशल मिस्त्र्याचें स्थान पुस्तकी माहिती घेऊं शकत नाहीं. परंतु ‘गाडी नीट चालत नाहीं’ असें सांगणारा गिऱ्हाईक आणि ‘तापल्यावर, चढावर, गेल्या आठवड्यापासून’ असें सांगणारा गिऱ्हाईक, या दोघांत फार अंतर आहे. दुसऱ्याचें काम लवकर होतें, त्याचे पैसे वांचतात आणि वळणावर त्याची गाडी त्यास सोडून जाण्याचा संभव कमी होतो. एक लहानशी वही आणि आठवड्यांतून पंधरा मिनिटें, एवढीच त्याची किंमत आहे.