जुन्या डिझेल जीपची ओढ : तक्रारीची क्रियापदे आणि दोषाचा शोध

यंत्रविद्येची मराठी परिभाषा सिद्ध करण्याचे कार्य आपल्याकडे प्रामुख्याने नामांच्या वाटेने झाले. पिस्टनला दट्ट्या, व्हॉल्व्हला झडप असे शब्द मराठी विश्वकोशापर्यंत पोहोचले आणि तेथे स्थिरावले. प्रत्यक्ष गॅरेजात मात्र पिस्टन हा पिस्टनच राहिला. त्याबद्दल खंत करावी असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. कारागिराचे ज्ञान ज्या शब्दांत साठवलेले असते ते शब्द बहुधा नामे नसतात. ती क्रियापदे असतात. वस्तूचे नाव इंग्रजीतून उसने घेता येते, पण ती वस्तू काय करते व काय करीत नाही, हे सांगण्यासाठी माणूस स्वतःच्या भाषेकडेच वळतो. हे विधान स्पष्ट करण्यासाठी येथे एक अगदी लहान क्षेत्र निवडले आहे : जुन्या डिझेल जीपची गेलेली ताकद परत कशी आणतात. सामग्री छत्रपती संभाजीनगर येथील गारखेडा भागातील गॅरेजांत ऐकून टिपलेली आहे. तेथील बोली मराठी, दखनी आणि इंग्रजी शब्द यांच्या मिश्रणाची असून, एकाच वाक्यात तिन्ही नांदतात.

जीप म्हणजे येथे महिंद्र कंपनीची १९८० व १९९० च्या दशकांतील डिझेल गाडी समजावी. या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकेतील विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. ते इंजिन पेट्रोलवर चालणारे होते. डिझेल इंजिने पुढे दोन वाटांनी आली. एक वाट ट्रॅक्टरची : इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने १९६३ मध्ये ट्रॅक्टरचा उद्योग उभा राहिला आणि त्या घराण्यातील इंजिन कालांतराने जीपमध्ये बसले. दुसरी वाट फ्रान्सच्या पूजो कंपनीची : तिच्या आराखड्यावर झालेले चार सिलिंडरांचे, २,११२ घन सेंटिमीटरचे इंजिन एम.एम. ५४० या जीपला मिळाले. पहिल्या प्रकारास गॅरेजात ‘डीआय’ म्हणतात, कारण त्यात डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर फवारले जाते. दुसऱ्यात ते आधी बाजूच्या एका लहान कप्प्यात पेटते, म्हणून थंड इंजिन सुरू करण्यास ‘हीटर’ लागतो. डिझेल फवारणारा पंप बहुधा बंगलोरच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून ‘मायको’ हा शब्द झाला. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले, तरी कारागीर ‘मायकोचा पंप’ असेच म्हणतो.

तक्रारीच्या भाषेकडे वळण्यापूर्वी इंजिनाचे तत्त्व थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पेट्रोलच्या जुन्या इंजिनात पायाखालची पट्टी हवेची वाट लहानमोठी करते. या डिझेल इंजिनात हवा प्रत्येक फेरीत पुरती घेतली जाते. पट्टी बदलते ते केवळ डिझेलचे माप. ठिणगी नाहीच. हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापते आणि तिच्यात नोझल बारीक फवारा सोडते. तेव्हा ताकदीस तीनच गोष्टी लागतात : पुरेशी हवा, योग्य मापाचे व योग्य क्षणी फवारलेले डिझेल, आणि पुरता दाब. गेलेली ताकद शोधणे म्हणजे या तिघांपैकी कोण कमी पडले ते ठरविणे होय.

‘गाडीत ताकद नाही’ हे वाक्य मालकाचे. कारागीर ते कधीच जसेच्या तसे स्वीकारीत नाही. ‘म्हणजे काय करती?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तरात येणाऱ्या क्रियापदावर पुढचे सगळे काम अवलंबून राहते. गाडी ‘उचलत नाही’ (दखनीत ‘उठती नै’) म्हणजे पट्टी दाबल्यावर वेग घेण्यास ती आळस करते. येथे नोझल, टायमिंग आणि एअर क्लीनर यांचा संशय येतो. गाडी ‘पळत नाही’ म्हणजे खालच्या गिअरांत ती ठीक आहे, पण एका वेगापुढे जात नाही. डिझेलचे कमाल माप कोठेतरी अडते आहे. गाडी ‘ओढत नाही’ म्हणजे ओझे किंवा चढ आला की पहिल्यापासूनच ती दबते. हा दोष खोलचा असू शकतो आणि अगदी उथळही. गाडी ‘दम सोडते’ ही तक्रार यांहून निराळी : सुटताना ओढ चांगली, पण सतत ओझे पडल्यावर काही मिनिटांत ती मालवत जाते आणि थोडे थांबल्यावर पुन्हा बरी होते. राहिले ‘मिसिंग मारणे’. इंग्रजी धातुसाधिताचे येथे नाम झाले आणि त्याला मराठीने ‘मारणे’ जोडले. चारांपैकी एक सिलिंडर काम करीत नाही, असा त्याचा नेमका अर्थ आहे.

कोशात या सर्वांचा अर्थ ‘शक्ती कमी होणे’ असाच दिला जाईल. येथे ते समानार्थी नाहीत. एकाच्या जागी दुसरे वापरले तर निराळेच अवयव उघडले जातात, आणि उघडण्याचे पैसे मालकाला द्यावे लागतात.

इंजिनाला हात लावण्यापूर्वी चांगला कारागीर इंजिनाबाहेर पाहतो. पट्टी पूर्ण दाबली असता पंपावरील दांडी शेवटच्या खुंटीला टेकते की नाही, हे दोघांनी मिळून पाहण्याचे काम आहे. झिजलेली जोडणी, किंवा पायाखाली पसरलेली जाड चटईसुद्धा, शेवटचा अर्धा इंच खाऊन टाकते. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग चढत नाही. ब्रेक ‘धरून’ राहिला असेल तर थोड्या फेरीनंतर त्या चाकाचा ड्रम इतरांपेक्षा अधिक तापतो. जीपच्या शौकिनांनी मात्र चाकांकडे विशेष पाहावे. २८ इंच व्यासाच्या टायरऐवजी ३१ इंची टायर बसविला की चाकापाशी मिळणारी ओढ सुमारे दहा टक्क्यांनी घटते, कारण एका फेऱ्यात गाडी तेवढी अधिक पुढे जाते. गाडी रुबाबदार दिसते आणि मालक म्हणतो, इंजिन उतरले!

यानंतर धूर. पेट्रोलच्या इंजिनापेक्षा डिझेलचे इंजिन या बाबतीत फार प्रामाणिक आहे. काळा धूर म्हणजे जितके डिझेल आले तितके जळण्याइतकी हवा नाही, किंवा फवारा जाडाभरडा पडतो आहे. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर गरम इंजिनातही टिकला तर डिझेल न जळताच बाहेर येत आहे. दाब कमी आहे किंवा फवाऱ्याची वेळ उशिराची आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. चौथी अवस्था ही खरी बोलकी : ताकद नाही आणि धूरही नाही. तेव्हा इंजिन बहुधा निरोगी असते, फक्त उपाशी असते.

येथे ‘हवा’ या शब्दाची गंमत पाहण्यासारखी आहे. ‘हवा मिळत नाही’ आणि ‘हवा घेते’ या दोन तक्रारी कानाला परस्परविरुद्ध वाटतात. पण एकाच गाडीबद्दल दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पहिली इंजिनाच्या श्वासाविषयी आहे. जुन्या जीपमध्ये हवा तेलाच्या भांड्यावरून गाळून घेण्याची रचना असते. उन्हाळ्यातील मातीच्या रस्त्यांवर त्या तेलाचा थोड्याच दिवसांत चिखल होतो आणि वाट चोंदते. शिवाय उंचीचाही कर असतोच : दर शंभर मीटरला ताकद साधारण एक टक्क्याने घटते. हे शहरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंच आहे आणि म्हैसमाळचा माथा हजाराच्या वर. तेथे कोरी जीपही मुंबईतल्याइतकी ओढणार नाही. दुसरी तक्रार डिझेलच्या वाटेची. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढून आणले जाते, म्हणून त्या नळीत बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. जुन्या रबरी नळीला बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही. बाहेरची हवा आत जाते. जमिनीवर थेंब नाही, म्हणून मालकाला नळीचा संशयही येत नाही. नाम एकच, पण ‘मिळणे’ आणि ‘घेणे’ या क्रियापदांनी दोन निराळ्या नळ्या दाखविल्या. केवळ नामांची यादी करणाऱ्या परिभाषाकाराच्या हाती येथे ‘हवा’ हा एकच शब्द लागेल.

एक उदाहरण सविस्तर देतो. फुलंब्री तालुक्यातील एका शेतकऱ्याची एम.एम. ५४० जीप चौक्याच्या घाटात बंद पडल्यासारखी होई. अन्य ठिकाणच्या एका कारागिराने तिचे इंजिन ‘बांधावे’ लागेल, म्हणजे पूर्ण उतरवून रिंगा, पिस्टन, बेअरिंग नवे घालावे लागेल, असे सांगितले होते. खरिपाच्या तोंडाशी एवढा खर्च करावयाचा की गाडी विकावयाची, या विवंचनेत ते गारखेड्यात आले. येथील उस्तादांनी चारच प्रश्न विचारले. ‘काका, सुटताना ओढते का?’ ओढते. ‘मग मरते कुठं, घाटाच्या पायथ्याला का वरती?’ अर्ध्यात. ‘धूर टाकते?’ नाही. ‘थांबून परत मारली तर?’ तर चालते. म्हणजे ‘ओढत नाही’ हे काकांचे क्रियापद बाद होऊन त्या जागी ‘दम सोडते’ आले, आणि तेही बिनधुराचे. झिजलेले इंजिन पाच मिनिटे थांबल्याने बरे होत नाही. आटलेली नळी मात्र होते.

प्रथम टाकीचे झाकण उघडले. झाकणाचे श्वासछिद्र बुजले तर टाकीत पोकळी होते आणि उघडताना हवा आत शिरल्याचा आवाज येतो. आवाज आला नाही. मग डिझेलचा डबा इंजिनापेक्षा उंचावर बांधून त्याची नळी थेट फीड पंपाला जोडली, हँड प्रायमरने ‘हवा काढली’ आणि गाडी घाटात नेली. ती न थांबता चढली. या एका प्रयोगाने पंप, नोझल, पिस्टन सगळे निर्दोष ठरले; दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामध्येच असला पाहिजे, हे सिद्ध झाले. टाकीजवळची रबरी नळी बाहेरून धडधाकट होती. कापून पाहिली तेव्हा आतला थर सुटून लोंबत होता. ओढ वाढली की तो आत दुमडे आणि वाट मिटवी. नळी बदलली, फिल्टर बदलले. इंजिन उघडावे लागलेच नाही.

या संभाषणातील व्याकरण लक्षात घेण्याजोगे आहे. तक्रारीत कर्ता सदैव ‘गाडी’ असते : गाडी मरते, गाडी धूर टाकते. तपासात कर्ता अवयव होतो : नळी दुमडते, पंप हवा घेतो, नोझल टपकते. दुरुस्तीनंतर तोच अवयव कर्म होतो : नळी बदलली. गाडीकडून अवयवाकडे कर्तेपण सरकविण्याची घाई झाली की निदान चुकते. ‘इंजिन गेलं’ या वाक्यात नेमके तेच घडते. तपास न होताच कर्ता बदललेला असतो.

डब्यावर चालवूनही ओढ आली नाही तर पुढचा पल्ला ‘पंपवाल्या’चा. मिसिंगचा सिलिंडर ओळखण्यासाठी इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीची जोडणी किंचित ढिली करतात. ज्या सिलिंडरची ढिली केली असता आवाजात फरक पडत नाही, तो आधीच मेलेला. हे करताना उघड्या हाताने फवारा अडवू नये. नोझलच्या दाबाने उडालेले डिझेल कातडीत शिरते आणि ती जखम दिसते त्याहून फार घातक असते. नोझल यंत्रावर बसवून त्याचा फुटण्याचा दाब पाहतात. कप्प्याच्या इंजिनात तो साधारण सव्वाशे बार, तर डीआय प्रकारात दोनशेच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्यावा.

येथेच एक मोह आडवा येतो. पंपावरील कमाल मापाचा मोहरबंद स्क्रू फिरवून ‘डिझेल वाढवून’ देण्याची मागणी मालकच करतात, आणि काही कारागीर ती पुरवितात. चार दिवस गाडी उड्या मारते. परंतु हवा वाढलेली नसते, म्हणून जादा डिझेल काळ्या धुरात व उष्णतेत जाते. पिस्टनचा माथा आणि हेड त्याची किंमत देतात. धूर नसलेल्या उपाशी इंजिनालाही हा उपाय निरुपयोगी, कारण जे पंपापर्यंत पोहोचतच नाही ते पंप वाढवील कोठून?

सर्वांत शेवटी दाब. टॅपेटचे अंतर बरोबर करून, झडपा नीट बसतात हे पाहून, मग कॉम्प्रेशन मोजावे. निरोगी डिझेल इंजिनात ते साधारण २५ ते ३० बार भरते. चारही सिलिंडर एकमेकांजवळ असणे हे मूळ आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. गेज नसेल तर चालू इंजिनाचे ऑइल भरावयाचे झाकण काढून पाहतात. तेथून जोराने वाफारा येत असेल तर त्याला ‘बॅक मारते’ म्हणतात. रिंगांमधून वायू खाली निसटत आहे, असा त्याचा अर्थ. ‘बांधणे’ हे क्रियापद उच्चारण्याचा अधिकार कारागिराला येथे प्राप्त होतो, आधी नव्हे.

काम झाल्यावर परीक्षाही तक्रारीच्याच क्रियापदाची घ्यावयाची असते. ‘दम सोडते’ अशी तक्रार होती, तर गल्लीतल्या फेरीने काही कळणार नाही. तोच घाट, तेवढेच ओझे आणि तोच गिअर हवा. ‘उचलत नाही’ अशी असेल तर सपाटीवर उभ्या गाडीपासून ठरावीक खांबापर्यंतचा वेळ दुरुस्तीच्या आधी व नंतर मोजावा. गारखेड्यातील उस्ताद घड्याळ लावीत नाहीत. सूतगिरणी चौकाकडून परत आल्यावर ते मालकाच्या हाती किल्ली देतात आणि विचारतात, ‘अब क्या करती?’