गोदामातला डिस्को

रात्रभर नाचायला येणाऱ्या गर्दीला सतत नवी गाणी लागतात, आणि १९८० नंतर शिकागोच्या फ्रँकी नकल्स या डीजेला ती मिळेनाशी झाली. अमेरिकेतल्या बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतलं होतं. १२ जुलै १९७९ला त्याच शहरातल्या कॉमिस्की पार्कवर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत, स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाने पेटीभर डिस्को रेकॉर्ड्स स्फोटाने उडवल्या होत्या. रेकॉर्ड घेऊन येणाऱ्याला तिकीट फक्त ९८ सेंट. लोक मैदानात घुसले, हिरवळीची नासधूस झाली आणि यजमान संघाला दुसरा सामना सोडून द्यावा लागला. डिस्को वाढवला तो मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी मंडळींनी. त्यामुळे तो राग नुसत्या गाण्यांवरचा होता, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे.

नकल्स याच मंडळींतला. जन्म १९५५चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला. शिक्षण कापडाच्या डिझाइनचं, पण जिवलग मित्र लॅरी लेव्हानसोबत ‘काँटिनेंटल बाथ्स’ या तिथल्या स्नानगृहात रेकॉर्ड्स लावता लावता तोच धंदा झाला. रॉबर्ट विल्यम्सने शिकागोत क्लब काढायचं ठरवलं तेव्हा आधी विचारणा लेव्हानला झाली होती. तो न्यूयॉर्क सोडायला राजी नव्हता, म्हणून १९७७ साली नकल्स गेला. साउथ जेफरसन स्ट्रीटवरच्या २०६ क्रमांकाच्या इमारतीतला हा क्लब म्हणजे ‘वेअरहाऊस’. तिथे दारू मिळत नसे. लोक यायचे ते नाचायला. पुढे गावातल्या रेकॉर्डच्या दुकानांत गिऱ्हाइकं ‘वेअरहाऊसमध्ये वाजतं ते’ मागू लागली आणि त्या मागणीचं आखूड रूप, ‘हाऊस’, एका अख्ख्या संगीतप्रकाराला चिकटलं.

नवा माल येत नाही म्हटल्यावर नकल्सने जुन्यालाच हात घातला. इरास्मो रिव्हेरा हा त्याचा मित्र ध्वनिमुद्रणातला जाणकार होता. दोघं मिळून रीळवाल्या टेपवर गाणी उतरवायचे, फीत ब्लेडने कापायचे आणि तुकडे नव्या क्रमाने चिकटवायचे. गायिका आवाज लावण्याआधी ड्रम आणि बासच्या ज्या चार ओळी भुर्रकन निघून जात, त्या चारच्या सोळा, बत्तीस होत. मधेच सगळी वाद्यं गायब, नुसता ठोका. नाचणारे ताटकळले की सुरावट परत. क्लबातले दिवे मालवून भरधाव आगगाडीचा आवाज स्पीकरमधून सोडायचा, हीही नकल्सचीच करामत. ‘फर्स्ट चॉइस’ या फिलाडेल्फियाच्या गायिकात्रयीचं १९७७च्या अल्बममधलं ‘लेट नो मॅन पुट असंडर’ त्याच्या खास आवडीचं. १९८३ साली सॅल्सोल कंपनीने ते गाणं सिंगल म्हणून काढलं, त्यात नकल्सचंही मिक्स होतं. म्हणजे कंपनीने सहा वर्षं बाजूला ठेवलेलं गाणं नाचणाऱ्यांनी परत बाजारात आणलं.

तोवर त्याने वेअरहाऊस सोडून स्वतःचा ‘पॉवर प्लँट’ हा क्लब काढला होता. डेट्रॉइटच्या डेरिक मेकडून त्याने रोलँड कंपनीचं टीआर-९०९ हे ड्रम मशीन विकत घेतलं. आता जुन्या रेकॉर्डखाली चारही मात्रांवर यंत्राचा दणदणीत ठोका बसू लागला. गावातली पोरं पुढची पायरी चढली: जेसी सॉन्डर्सची ‘ऑन अँड ऑन’ १९८४ साली आली आणि डिस्कोची रेकॉर्ड नसली तरी घरच्या यंत्रांवर काम भागतं, हे सगळ्यांना कळलं. गायक जेमी प्रिन्सिपलचं ‘युवर लव्ह’ छापील रेकॉर्ड निघण्यापूर्वीच टेपवरून क्लबांत गाजत होतं. १९८७ साली ट्रॅक्स कंपनीने ते नकल्सच्या नावावर काढलं. प्रिन्सिपलच्या पदरात श्रेय पडायला बराच वेळ गेला.

इथे मुंबईची आठवण निघणारच. हिंदी चित्रपटांसाठी वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडच्याच टीआर-८०८ या ड्रम मशीनवर आणि टीबी-३०३ या बास सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. २०१० साली तो अल्बम पुन्हा निघाला तेव्हा ‘हाऊसचा जन्म मुंबईत’ अशी हूल उठली. अल्बम भन्नाटच आहे. पण दर शनिवारी तेच गाणं वेगळं कापून नाचणाऱ्यांच्या पायांवर तपासायचं, ही शिकागोतली उठाठेव त्यामागे नव्हती.

पुढे न्यूयॉर्कला परतल्यावर नकल्स डेव्हिड मोरालेस या डीजेसोबत ‘डेफ मिक्स’ या रिमिक्स करणाऱ्या कंपनीत रमला. १९९१चं ‘द व्हिसल साँग’ म्हणजे बासरीसारखी एक सुरावट आणि खाली निवांत ठेका. काहींना ते फार गुळगुळीत वाटतं. पण इतक्या कमी सामानात इतका गोडवा टिकवणं सोपं नव्हे. १९९८ साली रिमिक्सरसाठीचं पहिलंवहिलं ग्रॅमी त्यालाच मिळालं. २००४ साली शिकागोने जेफरसन स्ट्रीटच्या एका भागाला त्याचं नाव दिलं. मधुमेहामुळे एक पाऊल गमावूनही तो वाजवत राहिला. ३१ मार्च २०१४ला तो गेला. २०२३ साली शहराने वेअरहाऊसच्या इमारतीला वारसावास्तूचा दर्जा दिला.

नकल्सच्या सुमारे ५,००० रेकॉर्ड्स आता शिकागोच्या स्टोनी आयलंड आर्ट्स बँकेत आहेत. त्याचं काम ऐकायचं असेल तर आधी ‘फर्स्ट चॉइस’चं मूळ गाणं लावावं, लगेच नकल्सचं १९८३चं मिक्स. आवाज मात्र मोबाइलच्या स्पीकरवर नको, बास ऐकूच येणार नाही.