पाळण्याजोगे झुरळ

जगात झुरळांच्या साडेचार हजारांवर जातींची नोंद आहे. त्यांतल्या जेमतेम तीसेक माणसाच्या वस्तीत वावरतात आणि ओट्याखालून किंवा मोरीच्या जाळीतून बाहेर येणाऱ्या तर तीन-चारच. बाकीच्या पालापाचोळ्यात, कुजक्या लाकडात, गुहांत आयुष्य काढतात. युरोप-अमेरिकेतले हौशी लोक हौसेने पाळतात ती बहुतेक झुरळे या रानातल्या गटातली.

नवख्याची फसगत बहुधा रंगावर भाळून होते. क्यूबाकडचे हिरवे झुरळ कोवळ्या पानासारखे देखणे असते, पण ते काचेवर सरसर चढते आणि उडतेही. डबा उघडायचाच अवकाश. म्हणून रूपाआधी तीन गोष्टी पाहाव्यात: काचेवर चढते का, उडते का आणि प्रजा कशी वाढवते. मादी अंड्यांची कुपी कुठेही टाकून जात असेल, तर झुरळ पकडले तरी अंडी फटीत राहतात. मध्य आशियातले तांबडे झुरळ याचा नमुना. ते चपळ आहे, भराभर वाढते आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आता उपद्रवी म्हणून वस्तीला आहे.

पहिल्यांदा पाळणाऱ्याला बहुतेक जाणकार मादागास्करचे फुसकारणारे झुरळ सुचवतात आणि ते रास्तच आहे. पाच ते साडेसात सेंटिमीटर लांब, बिनपंखी आणि संथ असा हा कीटक तळहातावर शांतपणे बसतो. नीट निगा राखली तर दोन-तीन वर्षे, कधी पाच वर्षेही जगतो. बहुतेक कीटक एक अवयव दुसऱ्यावर घासून आवाज काढतात. हे झुरळ मात्र पोटाच्या चौथ्या वलयावरच्या श्वासरंध्रांतून जोराने हवा सोडते. डिवचल्यावरची फुसकार वेगळी, मादीला रिझवतानाची वेगळी आणि दोन नरांच्या झटापटीतली आणखी वेगळी. नराच्या डोक्यामागच्या ढालीवर दोन ठळक टेंगळे असतात आणि त्याच्या मिशा केसाळ असतात. झटापटीत तो ती टेंगळे दुसऱ्याच्या अंगावर हाणतो. मादीची ढाल बरीच सपाट असते. हा फरक ओळखता आला की एक मोठी चिंता मिटते, कारण फक्त नर पाळले तर प्रजा वाढतच नाही. मादी अंडी सुमारे दोन महिने पोटातच सांभाळते आणि मग एकदम डझनावारी जिवंत पिल्ले बाहेर येतात.

याची एकच खोड म्हणजे ते काचेवर चढते. डब्याच्या वरच्या कडेला आतून चार-पाच बोटे रुंद व्हॅसलीनचा पट्टा ओढला आणि वर बारीक जाळीचे घट्ट झाकण बसवले, की बहुधा भागते. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवले की लपायला जागा होते. गाजर, पालेभाजी, फळांच्या फोडी आणि थोडे मांजराचे कोरडे खाणे एवढा आहार पुरतो. उघड्या वाटीत पिल्ले बुडतात, म्हणून पाणी ओल्या कापसातून द्यावे.

दक्षिण अमेरिकेतले डुबिया झुरळ सांभाळायला याहून सोपे. ते गुळगुळीत काच चढू शकत नाही, नराला पंख असले तरी धड उडता येत नाही आणि मादीलाही जिवंत पिल्लेच होतात. पण ते दिवसभर पुठ्ठ्याआड दडून बसते. सरडे पाळणारे ते खाद्य म्हणून वाढवतात, आणि खरे तर ते त्याच कामाचे.

उलट टोकाला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचे गेंडा झुरळ आहे. वजन तीस ग्रॅमच्या वर, बिळात राहणारे, निलगिरीची वाळकी पाने खाणारे. किंमत जबर आणि प्रजा तुटपुंजी असल्याने नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

परदेशी मार्गदर्शकांत एक दिलासा हमखास असतो: निसटलेले उष्ण प्रदेशातले झुरळ थंडीत मरते. फ्लोरिडासारख्या उबदार राज्याला तो लागू पडत नाही. म्हणूनच तिथे डुबिया बाळगायला बंदी आहे आणि मादागास्करच्या झुरळाला परवाना लागतो. मुंबई, कोकण, गोव्याची हवाही तशीच दमट आणि उबदार. शिवाय भारतात बाहेरून जिवंत कीटक आणायला सरकारी परवानगी लागते.

पण हौशी मंडळींच्या आवडीचे एक झुरळ भारतातलेच आहे. दक्षिण भारतातल्या झुडपी रानांत राहणारे, काळ्याभोर अंगावर सात पांढुरके ठिपके असलेले हे डॉमिनो झुरळ जेमतेम इंचभर असते. आम्लाची चिळकांडी मारणाऱ्या सहा ठिपक्यांच्या भुंग्याचे सोंग घेऊन ते भक्षकांना चकवते, असे मानले जाते. डब्यात वितभर पानांचे खत आणि कुजके लाकूड घालावे, खालचा थर ओलसर व वरचा कोरडा ठेवावा. पिल्ले कित्येक महिने मातीत गाडलेलीच असतात आणि डबा रिकामाच भासतो. प्रौढांचे दर्शन मात्र त्यानंतर काही महिनेच घडते, इतका धीर हवा. अभयारण्यातून ती उचलून आणणे गुन्हा आहे. पाळीव पैदाशीतलीच घ्यावीत.

जात कोणतीही असो, तिची विष्ठा आणि टाकलेली कात यांची धूळ दम्याच्या रुग्णाला त्रास देते. अशा घरात हा छंद नकोच. इतरांनीही डबा साफ करताना तोंडाला मास्क लावावा. झुरळ मारायचा खडू किंवा फवारा घरात वापरला, तर पाळलेले झुरळही त्यातून वाचत नाही. प्रजा आवरेनाशी झाली तर ती बाहेर सोडू नये. जास्तीची झुरळे झाकणाच्या डब्यात घालून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवतात, अर्थात घरच्यांना आधी सांगून.