शंभर टक्के निकाल आणि नववीचा पट

दहावीचा निकाल लागला की आठवडाभरात चौकाचौकांत फ्लेक्स झळकू लागतात. मुख्याध्यापकांचा फोटो, गुणवंतांचे चेहरे आणि वर ठळक अक्षरांत ‘आमच्या शाळेचा निकाल १०० टक्के’. नेमक्या याच दिवसांत सातवी-आठवी झालेल्या मुलांचे अब्बा-अम्मी पुढची शाळा शोधत असतात. फ्लेक्स बघितला, शेजारच्याला विचारले, घरापासून किती लांब आहे ते पाहिले आणि प्रवेश घेऊन टाकला. लग्नाच्या हॉलची चौकशी आपण यापेक्षा जास्त करतो!

हा लेख जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका आणि अनुदानित संस्थांच्या हायस्कूलबद्दल आहे, कारण आपल्या बहुसंख्य मुलांचे माध्यमिक शिक्षण तिथेच होते. या शाळा वाईट असतात असे नाही. काही तर तालुक्यातल्या महागड्या इंग्रजी शाळांपेक्षा सरस आहेत. पण कोणती सरस आणि कोणती नुसती फ्लेक्सवर सरस, हे ओळखता आले पाहिजे.

नववीला इतके महत्त्व का, ते आधी समजून घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे संरक्षण पहिली ते आठवीपर्यंत आहे. मोफत पुस्तके, दुपारचा आहार हे सारे आठवीला संपते. खासगी शाळेत २५ टक्के राखीव जागेवर शिकणाऱ्या मुलाचा हक्कही आठवीलाच संपतो आणि नववीत पूर्ण फीची पावती हातात येते. म्हणून दरवर्षी कितीतरी घरांतली मुले याच टप्प्यावर पुन्हा सरकारी किंवा अनुदानित शाळेकडे वळतात. शिवाय नववीत मूल नापास होऊ शकते. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले होते की ६ ते १४ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एकतर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच बाहेर पडली. त्यानंतर पहिलीच्या वर्गांत आपली मुले दिसू लागली. गळतीची जागा मात्र वर सरकली. मुलगा गॅरेजवर जातो, मुलगी घरी बसते, आणि कारण विचारले तर उत्तर येते, “नववीत नापास झाला, सरांनी सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगितला.”

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खासगीरीत्या दहावीला बसण्याचा अर्ज. ज्यांची शाळा सुटली, त्यांना पुन्हा संधी मिळावी म्हणून मंडळाने केलेली ही चांगली सोय. घरकाम करणाऱ्या बायका, कामगार, लग्न झालेल्या मुली यांनी तिचा फायदा घेतला आहे. पण काही शाळांनी या सोयीचा मागचा दरवाजा करून टाकला. नववीत कच्चा दिसलेला विद्यार्थी ‘बाहेरून बस’ म्हणून काढून दिला की त्याचा निकाल नियमित विद्यार्थ्यांत धरला जात नाही. शाळेची टक्केवारी शाबूत राहते आणि मुलाला ना शिक्षक उरतो, ना वर्ग.

एक कल्पित हिशेब करून पाहू. पहिल्या शाळेत नववीला ६० मुले होती, पुढच्या वर्षी दहावीला ३८ बसली आणि सगळी पास झाली. निकाल १०० टक्के. दुसऱ्या शाळेत नववीला ६२ होती, दहावीला ५८ बसली, ४९ पास झाली. निकाल ८४ टक्के. फ्लेक्स पहिल्या शाळेचा लागेल. पण नववीत पाऊल टाकलेल्या मुलांपैकी दहावी पार केलेली पहिल्या शाळेत ६३ टक्के आहेत, दुसऱ्या शाळेत ७९ टक्के. आपले मूल हुशार असेल तर दोन्हीकडे तरेल. मध्यम किंवा कच्चे असेल, आणि बहुतेक मुले मध्यमच असतात, तर मी डोळे झाकून दुसरी शाळा घेईन.

म्हणून मुख्याध्यापकांना पहिला प्रश्न हाच विचारा: गेल्या तीन वर्षांत नववीचा पट किती होता, त्यातले दहावीला किती बसले आणि पहिल्या फेरीत किती पास झाले? मुलींचा आकडा वेगळा विचारा. प्रामाणिक मुख्याध्यापक रजिस्टर काढून दाखवतात. टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच आहे. तरीही आकडा हवा असेल तर माहिती अधिकार कायद्याखाली जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. मोहल्ल्यातल्या चार-पाच पालकांनी मिळून एक अर्ज केला तरी पुरे.

दुसरी गोष्ट अंतर्गत गुणांची. बहुतेक विषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण शाळेच्या हातात असतात. पास व्हायला दोन्ही मिळून ३५ लागतात. शाळेने २० पैकी १८ दिले तर मुलाला ८० च्या पेपरात १७ गुण पुरतात. या वीस गुणांचे वजन सगळ्या महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद केले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. २०२० मध्ये ते गुण परत आले, निकाल ९५.३० टक्के झाला. एका वर्षात मुले एवढी हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही. त्यामुळे ‘पास किती’ यावर थांबू नका. गणित आणि इंग्रजीच्या लेखी पेपरात वर्गाला साधारण किती गुण पडतात ते विचारा. अकरावी सायन्सला गेलेला मुलगा पहिल्या सहामाहीत का कोसळतो, त्याचे मूळ इथे सापडते.

आता शिक्षक. इमारत कितीही नवी असो, गणिताचे पद रिकामे असेल तर तिचा उपयोग नाही. पटाप्रमाणे संचमान्यता होते, म्हणजे किती शिक्षक मंजूर आहेत ते ठरते. पण मंजूर आणि हजर यांत फरक असतो. गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकवणारे शिक्षक त्या-त्या विषयाचेच आहेत का, की तासिका तत्त्वावर कोणी येते, की चित्रकलेचे सर गणित घेतात? हा प्रश्न मुख्याध्यापकांपेक्षा दहावीच्या मुलाला विचारावा, तो खरे सांगतो.

माध्यमाचा वाद आपल्याकडे फार भावनेने घातला जातो. उर्दू शाळा निवडणाऱ्याला मागासलेला आणि मराठी शाळा निवडणाऱ्याला जबान विसरलेला म्हणायची गरज नाही. पाहायचे ते असे: उर्दू माध्यमाची शाळा असेल तर तिथे मराठी कसे शिकवले जाते? तलाठी, पोलीस, जिल्हा परिषद अशा भरतीच्या परीक्षांत मराठीची परीक्षा असतेच, आणि उर्दूत उत्तम गुण मिळवलेली मुले तिथे अडतात. आठवीच्या एखाद्या मुलीला मराठी वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवायला सांगा, पाच मिनिटांत शाळा कळेल. मराठी शाळा निवडत असाल तर घरी उर्दूची सोय कोण करणार ते आधी ठरवा.

सुविधा पाहायला शाळा भरलेली असताना जा, सुट्टीच्या दिवशी नको. केंद्र सरकारच्या यू-डायस नोंदीत प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो आणि खोल्या, स्वच्छतागृहे, ग्रंथालय, संगणक, शिक्षक यांची माहिती मोबाईलवरही बघता येते. ती बघाच, पण कागदावरचे ‘आहे’ आणि प्रत्यक्षातले ‘चालू आहे’ वेगळे. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, नळाला पाणी येते का, हे अम्मीने स्वतः आत जाऊन पाहावे. मुलगी सकाळपासून पाणी न पिता शाळेत बसते आणि महिन्यातले तीन-चार दिवस गैरहजर राहते, याचे कारण पुष्कळदा ती कडीच असते. प्रयोगशाळेत परीक्षानळ्यांवर धूळ आहे का, ग्रंथालयाची किल्ली कोणाकडे असते, संगणकाच्या खोलीला वीज आहे का, तेही बघा. ओढणी-स्कार्फबाबत गणवेशाचा नियम काय आहे तो प्रवेशाआधी विचारून घ्यावा, नंतर वाद नको.

प्रवेशाच्या वेळी दोन-तीन हक्क माहीत असू द्या. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. आठवीपर्यंत दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. हिफ्ज पूर्ण करून तेराव्या वर्षी शाळेत परतणाऱ्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसवून मागे पडलेला अभ्यास भरून द्यावा, असे कायदाच सांगतो. पण चौदा वर्षांनंतर हा आधार उरत नाही, म्हणून उशीर करू नका. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच ती देता येते. कुटुंबाचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे आणि सातवीत ५५ टक्के गुण. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. शाळेतून गेल्या वर्षी या परीक्षेला किती मुले बसवली, हे विचारले की शिक्षकांची तळमळ मोजता येते.

शेवटी जनरल रजिस्टर. प्रवेश झाल्यावर त्यातली नोंद स्वतः वाचा. शेख-शेक, मोहम्मद-महंमद, आधारवर एक आणि दाखल्यावर दुसरे, जन्मतारखेत एक दिवसाचा फरक, असले घोळ आपल्या घरांत सर्रास असतात. जातीच्या रकान्यात नुसते ‘मुस्लिम’ लिहिले जाते, आणि पुढे बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी कुटुंबांची मुले इतर मागासवर्गाचा दाखला काढायला गेली की अडतात. त्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. दादा किंवा पणजोबांच्या शाळेतली जुनी नोंद आत्ताच शोधून तिची प्रत काढून ठेवा. मूल शाळेत शिकत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवून नोंद दुरुस्त करून घेता येते. दाखला हातात घेऊन शाळा सोडली आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच नाव छापून आले, की मग हेलपाटे सुरू होतात. त्यामुळे हे काम नववीच्या पहिल्या सहामाहीतच उरकून घ्या, दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायच्या आधी.