अरण्यकिनाऱ्यावरील गिरणी आणि सुरुंग

कॅनडातील व्हँकूव्हर बेटाच्या अरण्यप्रदेशात औद्योगिक इतिहासाचे पुरावे दोन परस्परविरुद्ध स्वरूपांत आढळतात. काही वस्तू जागीच टाकून दिलेल्या आहेत, तर काही समूळ नाहीशा केलेल्या आहेत.

पोर्ट अल्बर्नीनजीक मॅक्लीन कुटुंबाची वाफेवर चालणारी लाकूड चिरण्याची गिरणी १९२६ ते १९६५ या काळात चालू होती. आडवाटेच्या अरण्यातून अवजड लोखंड बाहेर काढण्याचा खर्च पुष्कळदा मोडीच्या किमतीहून अधिक भरतो. त्यामुळे अशी यंत्रे जागीच गंजत राहतात. या गिरणीतील सामग्री मात्र टिकली आणि १९८९ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

याच बेटाच्या पूर्वेस, सेमूर सामुद्रधुनीत, रिपल रॉक हा पाण्याखालील दुहेरी शिखरांचा खडक नौकांना घातक ठरे. तराफ्यावरून छिद्रे पाडण्याचे १९४३ व १९४५ मधील प्रयत्न प्रबळ प्रवाहामुळे फसले. तेव्हा मॉड बेटावरून विहीर खोदून समुद्रतळाखालून भुयार नेण्यात आले, आणि ५ एप्रिल १९५८ रोजी सुमारे १,२७० टन स्फोटकांनी ती शिखरे उडविण्यात आली.

नाहीशा झालेल्या खडकाचा पुरावा नकाशांत व नोंदींत सापडतो. गिरणीचे तसे नाही. बाष्पपात्र, पट्टे, करवत आणि ओंडक्यांचे तळे यांच्या परस्परस्थानांतूनच तेथील श्रमाचा क्रम उलगडतो. म्हणून एखादे चाक उचलून संग्रहालयात नेले, तर वस्तू वाचते. परंतु पुरावा नष्ट होतो.